जुन्या मोटारीचे नवे दिवे

(हीरक महोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहात माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



शाळेचे निमंत्रण आले तेव्हा मला सांगण्यात आले, की तुम्ही इतकी वर्षे चंडीगडला आहात, तिकडचा एखादा अनुभव सांगा. मी विचारले, जुन्या मोटारीच्या पुढच्या दिव्यांविषयी बोललो तर चालेल का? दूरध्वनीवर पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग सौजन्याने उत्तर आले, ‘चालेल की!’ त्या ‘चालेल की’च्या भरवशावर मी आज आपल्यापुढे उभा आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्या मोटारीविषयी मी बोलणार आहे ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे. माझे मामा या गावचे डॉक्टर होते. त्यांची राखी रंगाची फियाट ११०० दर वर्षी वैद्यकीय तपासणीच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभी राहत असे, आणि ती दिसताच निम्मा वर्ग पोटात दुखू लागल्याचे सांगून घरी जाण्याच्या खटपटीला लागत असे. ती मोटार १९६४ सालची, म्हणजे आपल्या शाळेच्याच वयाची. तिच्या डाव्या दिव्याची काच शाळेच्या मैदानावरून आलेल्या चेंडूने फुटली होती. तो चेंडू कोणी टोलवला हे मला ठाऊक आहे. ते गृहस्थ आज पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून नाव घेत नाही.

मामा गेल्यावर मोटार वाड्याच्या मागच्या पडवीत वीस-बावीस वर्षे पडून होती. एके दिवशी मामींनी मला बोलावून किल्ली हातात ठेवली आणि म्हणाल्या, ‘रंगबिंग काय हवा तो दे, पण दिवे नीट लाव. रात्री-अपरात्री त्याच दिव्यांच्या उजेडात ते लोकांच्या दाराशी पोचत होते.’ मी मान डोलावली. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढची दोन वर्षे लागली.

या मोटारीचे कूळही आपल्या मातीतले आहे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. परकी सत्ता असताना या देशात मोटार तयार व्हावी अशी जिद्द धरणारा तो उद्योजक होता. कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला, आणि पुढे हीच फियाट ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघरी पोचली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच गाडी. तशी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली, तेव्हा वृत्तपत्रांनी एखाद्या आप्ताला द्यावा तसा तिला निरोप दिला.

मोटार मालवाहू ट्रकवर चढवून मी चंडीगडला नेली. तिथे सेक्टर ३९ मध्ये मी राहतो. आमच्या भागात सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे, शहराचे पाणी शुद्ध करणारे जलकेंद्र आहे आणि मोठा धान्यबाजार आहे. शेजारच्या सेक्टर ३८ मध्ये मोटारदुरुस्तीची दुकाने आहेत. जीर्णोद्धाराचे काम काढायला याहून सोयीची जागा कोणती? पत्रा, इंजिन, ब्रेक, गाद्या हे सारे यथावकाश झाले. त्याचे पुराण मी लावत नाही. अडले ते दिव्यांपाशी.

मोटारीचा पुढचा दिवा म्हणजे काय, हे मला याच इमारतीत शिकवले गेले होते. आमच्या विज्ञानाच्या सरांनी खिडक्यांना काळे कागद लावून, अंतर्गोल आरसा आणि मेणबत्ती घेऊन ‘नाभी’ दाखवली होती. ज्योत नाभीपाशी असली की आरशावरून परतणारे किरण समांतर जातात, ती जरा पुढेमागे सरकवली की त्यांची दिशा बदलते. दिव्यातही हेच घडते. पाठीमागे अन्वस्त आकाराचा आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर; त्याच्या नाभीजवळ बल्ब; पुढे उभ्या-आडव्या रेघांची काच; सभोवती चकाकते कडे. बल्बमध्ये दोन तारा असतात. लांबच्या प्रकाशाची तार नाभीवर असते. डिपरची तार थोडी पुढे असते आणि तिच्याखाली एक चिमुकली धातूची वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते. त्यामुळे आरशाचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि प्रकाश रस्त्याकडे झुकतो. काचेवरच्या रेघा नक्षी म्हणून काढलेल्या नसतात. प्रत्येक रेघ प्रकाशाला थोडे वळवते. कुठे पसरायचे, कुठे एकवटायचे आणि कुठे मुळीच जायचे नाही, हे ती काच ठरवते.

माझ्या गाडीची उजवी काच मूळची होती, पण तिच्या मागचा रिफ्लेक्टर गंजून पापुद्रे सुटलेला होता. डावीकडे चेंडूप्रकरणानंतर मामांनी बसवलेली कुठलीतरी वेगळीच काच होती. जुने अस्सल भाग मिळवण्यासाठी मी मुंबईचा चोरबाजार पालथा घातला, दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या दुकानांतून हिंडलो. जोडी काही मिळेना. अखेर परदेशातल्या एका विक्रेत्याकडून प्रतिकृती मागवली. मूळ भागासारखे नव्याने घडवलेले रिफ्लेक्टर, काचा, कडी आणि रबरी गास्केट असा सगळा संच आला. खोका उघडला तेव्हा डोळे दिपले. इतके सुंदर दिवे कुर्ल्याहून निघतानाही त्या गाडीला नसतील!

पहिला धडा मापाचा. जुन्या गोल दिव्यांत सात इंची माप सर्वांत प्रचलित होते. पण नुसते ‘सात इंची’ म्हटल्याने भागत नाही. काचेचा बाहेरचा व्यास, कड्याचा आतला व्यास आणि रिफ्लेक्टरच्या कडेच्या कानांची जागा, ही तिन्ही मापे जुळावी लागतात. माझ्या संचातले कडे दीड मिलिमीटरने आवळ निघाले. मिस्त्री म्हणाला, ‘ठोकून बसवू.’ मी नको म्हटले. काचेला ताण दिला तर ती आज बसते आणि पहिल्या थंडीत तडकते. कड्याचा ओठ कानशीने घासून सैल करण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

दुसरा धडा चकाकीचा. नवा रिफ्लेक्टर क्रोमचा मुलामा दिलेला होता आणि आरशासारखा लखलखत होता. मी भुललो. बंपरला क्रोम शोभतो, कारण तो टिकतो. पण त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम दोन-तृतीयांश प्रकाश तो परत पाठवतो. अॅल्युमिनियमचा निर्वात पद्धतीने दिलेला थर नव्वद टक्क्यांच्या आसपास परावर्तन करतो. ताजी चांदी त्याहून अधिक, मात्र ती हवेने काळवंडते. म्हणजे डोळ्यांना सर्वांत देखणा वाटणारा मुलामा रस्त्यासाठी सर्वांत कद्रू निघाला.

तिसरा धडा लोभाचा. प्रकाश कमी पडतो म्हणून मी अधिक शक्तीचे बल्ब लावायला निघालो. जुन्या बल्बची डिपरची तार ४० वॅटची असे. १९७१ नंतर प्रचारात आलेल्या एच-४ हॅलोजन बल्बमध्ये ती ५५ वॅटची असते, आणि बाजारात ९० वॅटचेही मिळतात. बारा व्होल्टच्या गाडीत ४० वॅटचे दोन बल्ब सुमारे पावणेसात अँपिअर ओढतात, ९० वॅटचे दोन पंधरा. साठ वर्षांपूर्वीच्या बारीक तारा आणि स्विच एवढा प्रवाह सोसत नाहीत. शिवाय या गाडीत डायनामो आहे, इंजिन मंद असताना तो पुरेशी वीज देत नाही. त्या वेळी मला एका म्हाताऱ्या वायरमनने वाचवले. त्याने बल्बला हात न लावता दिव्याची अर्थिंगची तार काढली, गंज खरवडला, नवी जाड तार थेट चासीला जोडली, आणि तेच बल्ब सव्वापट उजळल्यासारखे दिसले. जुन्या गाडीत उजेड कमी का पडतो याचे उत्तर पुष्कळदा बल्बमध्ये नसते, वाटेतल्या गंजात असते.

इतके करून दिवे लागले. गाडी फोटोत अप्रतिम दिसू लागली. शेजाऱ्यांनी कौतुक केले. आणि चौथा धडा, ज्याच्यासाठी मी हे सारे सांगतो आहे, तो जानेवारीतल्या एका संध्याकाळी मिळाला.

पंजाबातले धुके आपल्याकडच्या धुक्यासारखे नाजूक नसते. ते भिंतीसारखे पुढ्यात उभे राहते. धान्यबाजाराच्या बाजूच्या रस्त्याने मी सावकाश येत होतो, दिवे डिपरवर होते. समोरून सायकलवर एक प्रौढ दूधवाला येत होता, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले. मला तो शेवटच्या क्षणी दिसला. त्याला मी बराच आधी दिसलो होतो, किंबहुना माझ्याशिवाय दुसरे काहीच दिसत नव्हते. त्याने हात डोळ्यांवर धरला, सायकल रस्त्याखाली गेली आणि तो कॅनसकट कोसळला. मी धावलो. गुडघा सोलवटला होता, दूध मातीत गेले होते. दैवाने अधिक काही झाले नव्हते. मी त्याला उठवले, दुधाचे पैसे दिले आणि चुकीची सफाई देऊ लागलो की दिवे तर डिपरवर होते. त्याने गाडीकडे एकवार पाहिले आणि शांतपणे म्हणाला, ‘बाबूजी, गाडी तो बडी सोहनी है, पर बत्ती सीधी आँख में मारती है.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या संध्याकाळी एका सपाट मोकळ्या जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली. दिव्यांच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली आणि तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. डिपरच्या प्रकाशाची वरची कड या दुसऱ्या रेघेवर यावी, असा साधा नियम आहे. दिवा लावला. डावीकडे कड रेघेवर बरोबर होती. पण मध्यापासून उजवीकडे ती जिन्यासारखी वर चढत गेली होती.

मग उलगडा झाला. आधुनिक डिपरचा प्रकाश दोन्हीकडे सारखा नसतो. समोरून वाहने येतात त्या बाजूला तो खाली दाबलेला असतो. स्वतःच्या कडेला मात्र तो पंधरा अंशांनी वर उचललेला असतो, म्हणजे कडेने चालणारा माणूस, सायकलस्वार, मैलाचा दगड हे सारे लवकर दिसावे. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्याकडे डावी बाजू उचललेली हवी. माझ्या दिव्यांची काच आणि बल्ब बसवण्याच्या खाचा उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी घडवलेल्या होत्या. त्या देशांत तो दिवा निर्दोष होता. आपल्या रस्त्यावर तो डावीकडचा पादचारी अंधारात ठेवत होता आणि समोरच्याच्या डोळ्यांत भाला खुपसत होता. खाचांमध्ये फरक अवघा पंधरा अंशांचा. तेवढ्याने दिवा या देशाचा होतो किंवा परका होतो.

ही गोष्ट मी खोका उघडला तेव्हाच ओळखू शकलो असतो. युरोपीय प्रमाणकाचा शिक्का असलेल्या काचेवर बाणाची खूण पाहायची असते. दिव्यासमोर उभे राहिल्यावर बाणाचे टोक आपल्या उजव्या हाताकडे असेल, तर तो दिवा डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी. दोन टोकांचा बाण असेल, तर तो दोन्हींसाठी जुळवता येतो. बाणच नसेल, तर उजवीकडून चालणाऱ्यांसाठी. माझ्या सुंदर काचांवर बाण नव्हता. मी चकाकी पाहिली, कड्याची गोलाई पाहिली, मूळ काचेशी साम्य पाहिले. प्रकाश कुठे पडतो एवढेच पाहिले नाही.

पुढे कुतूहलाने मी १९८९चे केंद्रीय मोटार वाहन नियम काढून वाचले. त्यातला १०६वा नियम मला फार हृद्य वाटला. कायद्याची भाषा रुक्ष असते. पण तिथे एक माणूस कल्पिला आहे. दिव्यापासून आठ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, असा कोणी एक माणूस. त्याचे डोळे दिपता कामा नयेत, इतका प्रकाश कायमचा खाली वळवलेला असला पाहिजे, असे नियम सांगतो. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. मला त्या नियमात माझा दूधवाला दिसला. आणि मामींचे वाक्यही उलगडले. मामांचे दिवे त्यांना वाट दाखवत होते हे खरेच. पण अंधारातून येणाऱ्या बैलगाडीवाल्याला, पायी निघालेल्या बाईला ते त्रास देत नव्हते. गावभर फिरणाऱ्या डॉक्टरला तसेच दिवे शोभतात.

मी परदेशी काचा आणि रिफ्लेक्टर उतरवले. उजवीकडे मूळची काच परत बसवली. डावीकडे, काश्मिरी गेटच्या एका जुन्या दुकानात धूळ खात पडलेली, इथल्याच रस्त्यांसाठी बनवलेली साधी काच लावली. तिच्या रेघा मूळ काचेशी ताडून पाहिल्या, दिवा भिंतीवर तपासला, मगच घेतली. गंजलेला मूळ रिफ्लेक्टर साफ करून त्याच्यावर अॅल्युमिनियमचा थर देऊन घेतला. डावीकडचाही तसाच करून घेतला. नवी कडी मात्र ठेवली, कारण ती उत्तम होती. आता दोन दिवे बारकाईने पाहिले तर किंचित वेगळे दिसतात. एका जाणकाराने हळहळून विचारलेही, ‘एवढे केलेत आणि जोडी जुळवली नाहीत?’ मी त्यांना भिंतीपाशी नेले. भिंतीवर जोडी जुळलेली होती.

प्रतिकृती वापरणे वाईट, असे मी म्हणत नाही. तिच्याशिवाय जुनी वस्तू जगूच शकत नाही. रबर कुजते, काच फुटते, मुलामा उडतो. मात्र प्रतिकृतीने आपण प्रतिकृती आहोत हे लपवू नये. मी ज्या शहरात राहतो तिथे हा प्रश्न रोज दिसतो. पिएर जाँनेरे यांनी चंडीगडच्या कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी खुर्च्या एके काळी भंगारात निघाल्या, परदेशी लिलावांत मोठ्या किमतींना विकल्या गेल्या, आणि आता त्यांच्या नकला जगभर तयार होतात. नक्कल म्हणून विकली तर ती चांगली खुर्ची आहे. अस्सल म्हणून विकली तर ती फसवणूक आहे. प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ सालीच व्हेनिसमध्ये एक सनद तयार झाली. नव्याने घातलेला भाग एकूण रूपाशी सुसंगत असावा, पण मूळ भागाहून वेगळा ओळखू यावा, असे तिचे सांगणे आहे. म्हणून माझ्या गाडीच्या खणात एक वही आहे. कोणता भाग मूळचा, कोणता नवा, कुठून आला, कधी बसवला, हे तिच्यात लिहिलेले आहे. परदेशी काचांची चूकही लिहिली आहे. उद्या ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याची फसगत होऊ नये.

आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी गाडी असेल तर हेही सांगतो. पन्नास वर्षांहून जुन्या आणि सांगाडा, कवच, इंजिन यांत मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळ्या नोंदणीची सोय झाली आहे. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. पण वर्षातून चारदा का होईना, ती रस्त्यावर येतेच, आणि तेव्हा तिच्यासमोर खरी माणसे असतात. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी फुटकी काचसुद्धा जपून ठेवा. नवी काच बरोबर आहे की नाही हे तीच सांगू शकते. माझ्याकडे उजवी काच उरली नसती, तर मी कशाशी ताडून पाहिले असते?

आता दोन शब्द शाळेविषयी बोलतो आणि थांबतो. साठ वर्षांत शाळेचे पुष्कळ भाग बदलले. कौले जाऊन स्लॅब आला, खडूफळ्याच्या जोडीला पडदा आला, सेमी-इंग्रजीच्या तुकड्या आल्या. बदलायलाच हवे होते. मराठी शाळांचा पट घटतो आहे आणि आपणही शेजारच्या चकचकीत शाळेसारखे दिसावे असे कोणालाही वाटेल. पालकहो, जे नवे आणाल ते अवश्य आणा. फक्त बसवण्यापूर्वी एकदा भिंतीपाशी न्या. त्याचा प्रकाश आपल्या रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या मुलावर पडतो का, ते पाहा. शेतमजुराचे मूल, घरात पहिल्यांदाच शाळेत आलेली मुलगी त्या उजेडात येते का, की ती अंधारात राहते आणि समोरच्यांचे डोळे तेवढे दिपतात? आणि जुन्यापैकी एखादी तरी काच सांभाळून ठेवा. माझ्यापुरती ती काच म्हणजे काळे कागद लावलेल्या खोलीतली ती मेणबत्ती. सरांनी ती मराठीत समजावली होती, म्हणून चाळीस वर्षांनी, हजार-दीड हजार किलोमीटर दूर, एका भिंतीसमोर उभा असताना ‘नाभी’ हा शब्द मला आठवला.

मामी आज सभागृहात आहेत. त्यांना एवढेच सांगायचे आहे, की मामी, दिवे आता नीट लागले आहेत.